हलवण्याआधी ढिलं करायचं

माझा मामा लोकांची घरं हलवतो. म्हणजे घर जागच्या जागीच राहतं, आतलं सामान आणि माणसं तेवढी हलतात. पण मामा ‘आज एक घर हलवलं’ असंच म्हणतो, आणि त्याच्या दंडांकडे बघून कोणी त्याची भाषा सुधारायला जात नाही. बंद बॉडीचा एक टेम्पो, आतून भिंतींना ठोकलेली जुनी ब्लँकेटं, दोरखंड, पट्टे आणि दोन हमाल, एवढा त्याचा पसारा.

धंद्यातले त्याचे नियम दोनच. पहिला, आधी दार बघायचं, मग वस्तू. दाराला न विचारता सोफा उचलणाऱ्या माणसाची मामाला कीव येते. दुसरा, हलवण्याआधी ढिलं करायचं. पलंगाचे बोल्ट, कपाटाची दारं, टेबलाचे पाय, घड्याळाचा लंबक, सगळं ढिलं तरी करायचं नाहीतर काढून तरी ठेवायचं. ‘आवळलेलं असतं तेच तुटतं,’ असं तो नव्या हमालाला पहिल्याच दिवशी सांगतो. काढलेले स्क्रू आणि खिट्ट्या छोट्या कापडी पिशवीत जातात, पिशवीला गाठ बसते, आणि पिशवी त्याच वस्तूच्या अंगाला बांधली जाते. ह्या शिस्तीमुळे आजवर त्याच्या हातून एक आरसा सोडला तर काही फुटलेलं नाही. आणि आरसासुद्धा आधी नीटच होता, मालकानं त्यात डोकावून बघितल्यावर तडकला, असं मामाचं म्हणणं.

असा माणूस संगीताच्या वाटेला आपणहून जात नाही. त्याला पोरीनं नेलं.

पोरीला घरात सगळे चिमणी म्हणतात. तेव्हा वय पंधरा, हात छत्रीच्या काड्यांसारखे, आणि चालताना पाठीवरच्या दप्तराला पाय फुटल्यासारखं वाटतं. शाळेत संगीताचा तास निघाला तेव्हा बाकीच्या मुलींनी बासरी, व्हायोलिन अशी माणसात बसणारी वाद्यं उचलली. कोपऱ्यात एक डबल बास उभा होता. व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल. त्याच व्हायोलिनला जन्मल्यापासून कोणी नुसतं खायला घालून झोपवलं, तर मोठेपणी ते जसं दिसेल तसा हा दिसतो. उभं राहून, मिठी मारल्यासारखा धरून वाजवायचा. आवाज इतका खालचा, की कानापेक्षा पोटाला आधी कळतो. चिमणीनं तो उचलला. उचलला म्हणजे त्याच्यामागे दिसेनाशी झाली.

“हाच का गं?” मामानं विचारलं.

“ह्यानं बाकाचे पाय हलतात, बाबा.”

“बाकाचे पाय कशानंही हलतात. शाळेची बाकं ती.”

“तसं नाही. वाजवलं की हलतात.”

मामी इस्पितळात रात्रपाळीची नर्स. तिनं ते वाद्य जिन्यातून वर येताना पाहिलं आणि “नाकापेक्षा मोती जड,” एवढंच म्हणून झोपायला गेली. मामानं मात्र तोपर्यंत टेप काढून दाराचं माप घेतलं होतं. वाद्य दारातून जात होतं. मामाच्या दृष्टीनं प्रश्न तिथं संपला. खरं तर तो तिथं सुरू झाला होता.

रात्रपाळीची बायको दिवसा झोपते, आणि शाळकरी मुलगी दिवसाच वाजवू शकते. पहिल्या आठवड्यात मामीनं भिंतीवर चप्पल आपटून आपलं मत कळवलं. मग मामानं तोडगा काढला. दुपारी टेम्पो इमारतीच्या खाली उभा करायचा, वाद्य आत चढवायचं, मागची दारं अर्धी लावायची, आणि चिमणीनं आत वाजवायचं. ब्लँकेटांमुळे आवाज बाहेर फार जात नसे. वर मामीच्या पलंगापर्यंत पोचायची ती एक बारीकशी गुरगुर. ह्यासाठी दुपारची कामं घेणं मामानं बंद केलं. लोकांना नेमकं दुपारीच हलायचं असतं, त्यामुळे गिऱ्हाइकं तुटली. “त्यांची गैरसोय होते,” असं मामा म्हणायचा, जणू त्याची स्वतःची काहीच होत नव्हती.

शिकवायला शाळेतल्याच बाई होत्या. बारीक केस कापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्याला आपण गृहपाठ विसरलोय असं वाटायला लावणाऱ्या. त्यांनी मामाला बोलावून सांगितलं, “घरी सराव करताना पालकानं जवळ बसायचं.”

“बसून काय करायचं?”

“ऐकायचं.”

“ऐकून?”

“ऐकून काही नाही. ऐकायचं.”

मामा तिथून बाहेर पडला तो थेट माझ्याकडे. मी तेव्हा त्यांच्याच खालच्या मजल्यावर खोली घेऊन राहत होतो आणि कॉलेजात शिकतो असं सांगत होतो. मामाच्या मते शिकलेल्या माणसाला सगळं माहीत असतं. हा त्याचा गैरसमज मी जेवणाच्या ताटाच्या भरवशावर बरीच वर्षं टिकवला होता.

“भाचेराव,” तो म्हणाला, “नुसतं ऐकायचं म्हणजे नेमकं कोणतं काम?”

“काम नाही मामा. ऐकायचं. आनंद घ्यायचा.”

“आणि आनंद नाही झाला तर?”

मी म्हणालो, “चहा टाकू का?”

तर मामा दुपारी टेम्पोत उलट्या खोक्यावर बसू लागला. गुडघ्यांवर हात, पाठ ताठ, चेहरा रक्तदाब तपासून घेत असल्यासारखा. चिमणी तास-दीड तास वाजवायची. एकच ओळ पुन्हा पुन्हा. मामाला कळेना, ही पुढे का जात नाही. एकदा त्यानं विचारलंही, “पुढची ओळ हरवली का?” त्यावर चिमणीनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं विचारणं सोडलं.

पण वाजवून झाल्यावर ती त्याच्याकडे वळायची. काहीतरी म्हणणं भाग असायचं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “छान.”

“काय छान? आज घाण झालं.”

दुसऱ्या दिवशी त्यानं विचार करून, मान हलवत, “आज काही जमलं नाही,” असं म्हटलं. चिमणीचे डोळे भरले. त्या दिवशी तिला पहिल्यांदा ती ओळ जमली होती.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पुढचे कित्येक दिवस मामा अडल्या गाईसारखा माझ्याकडे बघायचा. शेवटी त्यानं स्वतःच मार्ग काढला. वाजवून झालं की तो “हं” म्हणू लागला. एकच हं, पण त्याचे प्रकार होते. एक लांब, एक आखूड, एक नाकातून, आणि एक असा, की म्हणणाऱ्यालाही पुढे काय ते ठाऊक नाही. चिमणी त्यातून हवा तो अर्थ काढून घ्यायची. मामीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “गाढवापुढे वाचली गीता, तर निदान गाढव गप्प बसतं. तुम्ही अभिप्राय देता?”

अशी दोनेक वर्षं गेली, आणि एक दिवस बाई घरी आल्या. मोठ्या शहरात संगीताची एक निवासी शाळा होती. तिथं दर वर्षी डबल बाससाठी एकच जागा. चिमणीनं परीक्षा द्यावी, असं बाईंचं म्हणणं. मिळाली जागा, तर पोरगी तिथंच राहणार, तिथंच शिकणार, आणि पुढचं आयुष्य ह्याच कामात जाणार. मामीला वाटत होतं, पोरीनं औषधांचं काहीतरी शिकावं. माणसं गाणं बंद करतील पण आजारी पडायचं थांबणार नाहीत. चिमणीला काय वाटत होतं ते सांगायला नको. ती जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवायला लागली होती.

मामाला काय वाटत होतं, ते काही केल्या कळत नव्हतं. “जाऊ द्यायचं का तिला?” असं कोणी विचारलं, की तो खाली जाऊन टेम्पोचं बॉनेट उघडायचा. मी एकदा मुद्दाम मागोमाग गेलो.

“मामा, तुला ती निवडली जावी असं वाटतं ना?”

“वाटतं की,” तो इंजिनाकडे बघत म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, “नाही निवडली, तर दुपारी इथंच असेल. तेही काही वाईट नाही.” आणि मग, “ह्याची ऑइलची नळी बघ, गळते का?”

नळी गळत नव्हती.

परीक्षा दुपारी होती आणि ते शहर टेम्पोनं सकाळभराच्या अंतरावर. मीही सोबत जाणार होतो, कारण शिकलेला माणूस बरोबर असावा. सकाळी उजाडल्यावर मी खाली आलो, तेव्हा मामा टेम्पोत वाद्याच्या खोळीची चेन लावत होता. चिमणी वर आवरत होती. मामाच्या चेहऱ्यावर मोठ्या कामानंतरचं समाधान होतं. त्यानं वाद्याखाली तीन पदरी ब्लँकेट घातलं होतं, दोन्ही बाजूंनी उशा, वरून पट्टे. एखाद्या बाळंतिणीला इतकं जपून कोणी नेलं नसेल.

“आता रस्त्यात कितीही खड्डे येऊ देत,” तो म्हणाला.

खड्डे आले. मामा त्यांच्याभोवतीनं असा जायचा, की मागच्या गाड्या शिव्या देऊन पुढे निघून जायच्या. चिमणी आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती आणि डोळे मिटून गुडघ्यावर बोटं चालवत होती. निघताना मामी निरोप द्यायला आली होती. रात्रपाळी संपवून थेट इस्पितळातून, त्याच पांढऱ्या कपड्यांत. ती म्हणाली होती, “नीट वाजव. आणि जागा नाही मिळाली, तर तोंड पाडून यायचं नाही. घरी दुसरी तोंडं पुरेशी पडलेली आहेत.” बोलताना बघत मात्र ती मामाकडे होती.

संगीताच्या शाळेत आम्हाला सरावासाठी एक छोटी खोली दिली. तिथं एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीवर न चालणारं घड्याळ. मामानं वाद्य एकट्यानं आत आणलं, दाराचं माप डोळ्यांनीच घेऊन. चिमणीनं खोळ उघडली.

चारही तारा लोंबत होत्या. दोरीवरचे कपडे काढल्यावर दोरी लोंबते तशा. आणि तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी जागेवर नव्हती.

“थांब, थांब,” मामा खुशीत म्हणाला, आणि वाद्याच्या मानेला बांधलेली कापडी पिशवी सोडू लागला. गाठ सोडवून त्यानं घोडी बाहेर काढली. फडक्यात गुंडाळलेली, जराही ओरखडा नाही. “ही घे. सुखरूप.”

चिमणीनं घोडी हातात घेतली नाही.

“बाबा, तुम्ही तारा सोडल्या?”

“ढिल्या केल्या. प्रवासात ताण नको म्हणून.”

“सगळ्या?”

“एक ठेवून कसं चालेल?”

तिनं वाद्य थोडंसं तिरकं केलं. आतून खडखड असा आवाज आला. रिकाम्या ड्रॉवरमध्ये पेन्सिल घरंगळावी तसा. तिनं दुसऱ्या बाजूला तिरकं केलं. पुन्हा खडखड. चिमणीचा चेहरा बघता बघता भिंतीच्या रंगाचा झाला. मामा मात्र पिशवीत हात घालून चाचपत होता, आपलं काही आत राहिलं का ते बघत.

मी बाईंना फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “त्यांना द्या.”

मामानं फोन कानाला लावला. बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“त्या वाद्याच्या पोटात एक टेकू असतो. लाकडाची काठी. ती चिकटवलेली नसते. तारांच्या ताणानं वरची फळी दाबली जाते, त्या दाबावर ती काठी उभी असते. ताण गेला, काठी पडली.”

“मग उचलून उभी करतो.”

“आत हात जातो का तुमचा?”

मामानं वाद्याच्या पोटावरच्या दोन वाकड्या फटींकडे पाहिलं, मग आपल्या पंजाकडे पाहिलं.

“नाही.”

“तारा चढवू नका. काठीवाचून ताण दिलात तर फळी दबेल. तिथल्यांना सांगा, त्यांचं वाद्य मागा. आणि तुम्ही आता कशालाही हात लावू नका.”

मामानं फोन मला दिला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. शाळेत छडी चुकवण्यासाठी आम्ही घ्यायचो, तसे.

कार्यालयातल्या बाई भल्या होत्या. त्यांनी आतल्या परीक्षकांना विचारलं. शाळेचं एक वाद्य होतं, ते द्यायचं ठरलं. चिमणीला दुसऱ्या दारानं आत नेलं, त्या वाद्याशी थोडी ओळख करून घ्यायला. जाताना तिनं मामाकडे पाहिलं नाही. फक्त आपला गज, म्हणजे तारांवर ओढायची ती कांडी, छातीशी धरून गेली. तेवढीच तिची स्वतःची वस्तू शाबूत होती.

आम्ही परीक्षेच्या दालनाच्या बंद दाराबाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळानं आतून आवाज सुरू झाला. खोल, भरलेला. मामा उठला आणि त्यानं दारावर तळवा टेकवला. दार थरथरत असावं. त्यानं डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते, आणि गालावरून पाणी खाली आलं ते त्यानं पुसलं नाही. संगीतानं रडलेला मामा मी पहिल्यांदा पाहिला.

“हं,” तो कुजबुजला. असला हं मी ह्याआधी ऐकला नव्हता.

आवाज थांबला. दार उघडलं, आणि आतून एक उंच मुलगा आपलं वाद्य घेऊन बाहेर आला. चिमणीची पाळी अजून यायचीच होती.

मामानं घाईघाईनं डोळे कोरडे केले. मुलगा निघून गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. “ह्याचंही चांगलं वाटलं की,” तो हळूच म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं, की जागा एकच आहे.

पुन्हा आवाज सुरू झाला. ही ओळ मात्र आम्ही दोघंही ओळखत होतो. दोन वर्षं टेम्पोत ऐकलेली. ती सुरू झाली, थोडी पुढे गेली, आणि थांबली.

आत शांतता.

“थांबली का रे?” मामानं विचारलं.

“हो.”

“थांबायचंच होतं का तिथं?”

“माहीत नाही.”

“घरी थांबायची का?”

“घरी तू बसायचास, मामा. मी नाही.”

तो आठवायचा प्रयत्न करत राहिला. घरी ती इतक्या वेळा थांबायची, की कुठलं थांबणं ओळीतलं आणि कुठलं चुकीमुळे, हे त्याला कधीच वेगळं करता आलं नव्हतं. आतून कोणीतरी काही बोललं. मग ओळ पहिल्यापासून सुरू झाली. ह्या वेळी ती शेवटपर्यंत गेली, आणि तिच्यानंतर आणखी बरंच काही. मामानं दारावर हात ठेवला नाही. हात लावू नका असं सांगितलं होतं ना.

परतीच्या वाटेवर मागे वाद्यातली काठी प्रत्येक वळणावर घरंगळायची, आणि प्रत्येक वेळी मामाचा खांदा किंचित वर जायचा. अर्ध्या रस्त्यात तिनं विचारलं, “कसं झालं, बाबा?”

मामानं हं म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

“मला नाही कळत गं,” तो म्हणाला. “खरं सांगू? कधीच कळलं नाही.”

“माहितेय मला,” चिमणी म्हणाली, आणि माझ्या बाजूच्या काचेकडे तोंड करून झोपून गेली.

घरी मामीनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. उलट खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसली, पेशंटसमोर बसावी तशी, आणि शांतपणे म्हणाली, “एक विचारू? मुद्दाम केलंत का?”

मामा नाही म्हणेल असं मला वाटलं. तो उठला आणि खाली जाऊन त्यानं बॉनेट उघडलं. त्याचं म्हणणं ऐकायला मी खाली गेलो, तेव्हा तो इंजिनाकडे बघतसुद्धा नव्हता.

“भाचेराव, मी मुद्दाम केलं असेन का रे?”

“मामा, मुद्दाम केलेलं माणसाला कळतं.”

“तसं नसतं. इतकी वर्षं मी तिची ने-आण करतो. शाळेत, बाईंकडे. कधी तारा सोडल्या नाहीत. मग त्याच दिवशी का सोडल्या?”

“लांबचा रस्ता होता.”

“होय. लांबचा होता.” त्यानं बॉनेट आदळलं. “पण लांबचा म्हणजे कोणता लांबचा, तेच कळेना झालंय.”

दोन दिवसांनी मामा आणि मी वाद्य घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. बाईही आल्या होत्या. दुरुस्तीवाले काका म्हणजे नाकावर चष्मा घसरलेला, कानामागे पेन्सिल खोचलेला गृहस्थ. त्यांनी एक वाकडी लोखंडी सळई त्या फटीतून आत घातली, काठी टोचून उचलली, आणि कितीतरी वेळ डोळा लावून ती इकडेतिकडे सरकवत राहिले.

“कोणी सोडल्या तारा?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“मी.”

“का?”

“ताण नको म्हणून.”

काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी घोडी उभी केली आणि पितळी चाव्या पिळून तारा चढवल्या. थोड्या, मग आणखी, मग आणखी. प्रत्येक पिळ्याला मामा चेहरा असा करायचा, की जणू ती तार त्याच्याच पाठीतून जाते आहे. “बास,” तो मधेच म्हणाला. काका थांबले नाहीत. मग त्यांनी वाद्य मामाच्या हातात दिलं. “हलवून बघा.”

मामानं हलवलं. खडखड नाही.

“ताण आहे म्हणून उभं आहे,” काका म्हणाले.

मामानं पुन्हा हलवलं, ह्या वेळी स्वतःसाठी. आयुष्यभर ज्या नियमावर त्यानं पलंग आणि कपाटं सुखरूप पोचवली, तो नियम इथं उलटा कसा, ह्याचा हिशेब त्याला लागत नव्हता, आणि तो लावायला मी काही मदत करू शकत नव्हतो. एवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्या दुकानाबाहेर गेल्या आणि परत आल्या.

“घेतलं तिला,” त्या म्हणाल्या.

“कुठं?” मामानं विचारलं.

“शाळेत. जागा मिळाली.”

“पण ती थांबली होती.”

“हो. ते वाद्य मोठं, बोटं चुकीच्या जागी पडली. थांबली, परीक्षकांना म्हणाली, पुन्हा करते, आणि केलं.”

मामानं वाद्य भिंतीला टेकवून ठेवलं. मग म्हणाला, “बाई, म्हणजे मी तारा सोडल्या, ते वाईट झालं की बरं झालं?”

“वाईट.”

“पण तिला तर—”

“वाईटच,” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा थोडंसं हसल्या.

बातमी ऐकून मामीनं चिमणीला जवळ घेतलं, बराच वेळ सोडलं नाही, आणि मग कुरकुरली, “आता दुपारी झोप कशी लागायची? त्या गुरगुरीची सवय झाली होती.”

जुन्या शाळेचं वाद्य त्या शाळेला परत गेलं, कारण तिकडे वसतिगृहात वाद्य मिळणार होतं. त्यामुळे चिमणीला पोचवायच्या दिवशी मामाच्या टेम्पोत एक ट्रंक, एक गादी आणि एक गज एवढंच सामान होतं. इतका रिकामा टेम्पो घेऊन तो कधी निघाला नसेल. गज त्यानं ब्लँकेटात गुंडाळला. गजाच्या टोकाशी एक स्क्रू असतो. त्याच्याकडे त्यानं पाहिलं आणि मग चिमणीकडे.

“हा ढिला करायचा, बाबा,” ती म्हणाली. “वाजवून झालं की हा ढिलाच करतात.”

“नक्की?”

“नक्की.”

“म्हणजे हा करायचा आणि त्या नाही?”

“हो.”

ह्यात काही न्याय आहे का, असं विचारल्यासारखं मामानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

वसतिगृहाच्या खोलीच्या दारात त्यानं सवयीनं चौकट वरखाली बघितली. ट्रंक आत गेली, गादी आत गेली. मग करण्यासारखं काही उरलं नाही. तो दारातच उभा राहिला.

“चिमणे,” तो म्हणाला, “एक विचारायचं होतं. तुझी आई म्हणते, मी मुद्दाम केलं. मला तसं आठवत नाही. पण तसं नाही, असंही मला सांगता येत नाही.”

चिमणी गादीची सुतळी सोडत होती. तिचे हात थांबले.

“बाबा, ती घोडी तुम्ही कशात गुंडाळली होती?”

“फडक्यात.”

“आणि फडकं?”

“पिशवीत. पिशवीला गाठ.”

“आणि पिशवी?”

“वाद्यालाच बांधली होती. नाहीतर हरवते.”

“मुद्दाम करणारा माणूस एवढं करतो?”

मामा विचार करत राहिला. मग मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मी आजही सांगू शकणार नाही. येताना रस्ताभर त्यानं एकच वाक्य उच्चारलं, तेही पुढच्या ट्रककडे बघून: “गाठ तर मारली होती मी.”

दुपारची कामं त्यानं पुन्हा सुरू केलेली नाहीत. गिऱ्हाइकांना ‘जमणार नाही’ म्हणतो, आणि का जमणार नाही ते सांगत नाही. टेम्पो खाली उभा असतो, मागची दारं अर्धी लावलेली. परवा मी डोकावलो, तर तो त्याच उलट्या खोक्यावर बसला होता, फोन कानाला. तिकडून चिमणी काहीतरी वाजवून दाखवत होती. फोनमधून डबल बास म्हणजे डब्यात माशी अडकल्यासारखं ऐकू येतं, पण मामा गुडघ्यावर हात ठेवून, पाठ ताठ करून बसला होता. वाजवणं थांबलं.

“हं,” मामा म्हणाला.

“हा कुठला हं, बाबा?” तिचा आवाज मला बाहेरपर्यंत आला.

मामानं टेम्पोच्या छताकडे पाहिलं, ब्लँकेटांकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं.

“अजून ठरलं नाही,” तो म्हणाला. “तू परत वाजव.”